चिठ्ठी सांगेल तिथे

माझ्या थोरल्या बहिणीला घरात सगळे खिट्टी म्हणतात. लहानपणी सगळे मिळून कुठे बाहेर जायला निघालो की जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून ही परत वर जायची, कुलूप उघडायची आणि सगळ्या खिडक्यांच्या खिट्ट्या लागल्या आहेत का ते हात लावून बघायची. आम्ही खाली ताटकळत उभे. बाबा घड्याळ बघायचे, आई पुटपुटायची आणि मी, तिच्याहून सहा वर्षांनी लहान, पाय आपटायचो. तेव्हा मला ती भयंकर डोकेखाऊ वाटायची. आता माझी चाळिशी आली, तरी मत फारसं बदललेलं नाही. पण तिच्याबद्दल चार शब्द सांगायची माझ्यावर वेळ आली आहे, आणि ती माझ्याच करणीने आली आहे, तेव्हा सांगतो.

दिवसा ती बस डेपोत असते. कुठली बस किती वाजता सुटणार, चालक आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हे ज्या प्रोग्रॅमवर चालतं तो ती सांभाळते. पण तिचं खरं काम बिनपगारी आहे आणि ते आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या टेबलावर चालतं. प्रोग्रॅम लिहायची एक भाषा आहे. जगभर वापरतात. ती कोणा एकाच्या मालकीची नाही, वेगवेगळ्या देशांतली माणसं आपापल्या घरी बसून तिची देखभाल करतात. त्या भाषेचा एक कोपरा गेली एकोणीस वर्षं माझी बहीण झाडते, पुसते, राखते. कधी सुट्टी नाही की कंटाळा नाही.

हे काम नेमकं काय, ते आईला समजायला वेळ लागला. शेवटी एकदा भाजी निवडता निवडता ताईने तिला सांगितलं, की समज, कोणीतरी तुला एक गाठोडं पाठवलं. आत पन्नास वस्तू, आणि प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधलेली, ही कुठे ठेवायची म्हणून. माझा प्रोग्रॅम गाठोडं सोडतो आणि चिठ्ठी सांगेल तिथे वस्तू ठेवून देतो. आईने विचारलं, चिठ्ठीवर ‘आतल्या कपाटात, जुन्या कागदपत्रांच्या जागी’ असं लिहिलेलं असलं तर? ताई म्हणाली, तर जुनी कागदपत्रं काढून तिथे ठेवतो. कोणाला न विचारता? कोणाला न विचारता. आईने हातातली जुडी खाली ठेवली.

"असला कसला गडी ठेवलास गं तू घरात?"

मी खो खो हसलो. ताईला हसू आलं नाही, कारण तो गडी तिनेच ठेवला होता. सव्वीस वर्षांची असताना, एका रविवारच्या दुपारी. गाठोडं म्हणजे अनेक फाइल्स एकत्र बांधून केलेली एक फाइल, आणि चिठ्ठी म्हणजे तिच्यातली प्रत्येक फाइल कॉम्प्युटरवर कुठल्या जागी जाणार त्याचा पत्ता. त्या काळी ती भाषा वापरणारी माणसं मोजकी होती, सगळे एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे चिठ्ठीवर अविश्वास दाखवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत तर प्रोग्रॅम आपल्या मनाने जे करतो त्याला डिफॉल्ट म्हणतात. ताईचा डिफॉल्ट होता, विश्वास ठेवा. सूचनांच्या पानावर तिने एक ओळ टाकली, ‘अनोळखी माणसाचं गाठोडं सोडू नका’, आणि मोकळी झाली. दर खिडकीची खिट्टी तीनदा बघणारी ही बाई, नेमकं तिथे तिने दार सताड उघडं ठेवलं.

मग सात वर्षांपूर्वी एक पत्र आलं. दूरच्या कुठल्याशा डोंगराळ गावातल्या मुख्याध्यापिकेचं. त्यांच्या शाळेतल्या तीन बाईंनी चार उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून चाळीस वर्षांचं पटाचं रजिस्टर कॉम्प्युटरवर उतरवलं होतं. एक दिवस पाठ्यपुस्तकांच्या नावाखाली एक गाठोडं आलं. त्यांनी ते सोडलं, आणि आतल्या एका चिठ्ठीने रजिस्टरच्या जागी कचरा नेऊन ठेवला. जुने विद्यार्थी दाखले मागायला येतात, कामधंद्यासाठी, परगावी जाण्यासाठी, आणि आम्हाला हात हलवत परत पाठवावं लागतं, असं बाईंनी लिहिलं होतं. पत्रात राग नावालाही नव्हता. शेवटची ओळ अशी होती, ‘तुमच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं, आम्ही वाचलं नाही. चूक आमचीच. तुमचा वेळ घेतल्याबद्दल क्षमा असावी.’

ताईने ते पत्र छापून साखरेच्या डब्याच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. आईने विचारलं हे काय, तर म्हणाली, "पायरी मी फुटकी ठेवली, आणि पडलेली बाई माझीच माफी मागतेय." तिसऱ्या दिवशी तिने ठरवून टाकलं, की डिफॉल्ट बदलायचा. गाठोडं जिथे सोडलं त्या जागेच्या बाहेरचा पत्ता चिठ्ठीवर असला तर वस्तू ठेवायची नाही, थांबायचं आणि सांगायचं.

ऐकायला किती सोपं. पण तिच्या त्या मंडळीत एक आजोबा आहेत. म्हणजे आमचे कोणी नव्हेत, समुद्रापलीकडचे, भाषेच्या जन्मापासूनचे, पण घरात त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांचं म्हणणं ठाम होतं. ते म्हणाले, लाखो प्रोग्रॅम आज निमूटपणे चालले आहेत. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेला, कोणी तर वारले. त्यांनी आपल्या भरवशावर घर बांधलं, आणि आता एका सकाळी तू खालची वीट काढणार. त्या घरात त्या वेळी कोण झोपलेलं असेल ते तुला माहीत आहे का? ताईला आजोबांचा राग यायचा तो ते चूक म्हणून नाही, तर त्यांचंही बरोबर म्हणून. रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे आजोबांची उणीदुणी निघायची आणि शेवटी तीच म्हणायची, पण म्हातारा खोटं नाही बोलत.

तीन वर्षं घासाघीस करून मधला रस्ता निघाला. पहिलं वर्ष, ज्याला हवी त्याने नवी सावध पद्धत मागून घ्यावी. पुढची दोन वर्षं, जो काहीच सांगत नाही त्याला दर वेळी इशारा, की ही पद्धत बदलणार आहे, आत्ताच सोय करा. आणि मग बदल. शिवाय ज्याला जुनंच हवं त्याच्यासाठी एक दार ठेवलं. प्रोग्रॅममध्ये एक शब्द लिहायचा, ज्याचा अर्थ ‘या गाठोड्यावर माझा पूर्ण भरवसा आहे’. लिहा आणि खुशाल जुन्या वाटेने जा, पण तुमच्या हाताने लिहा. आजोबांनी एकच अट घातली, की बदलाआधी इशारे सगळीकडे पोचलेत याची खात्री हवी.

इथे माझा प्रवेश होतो, आणि मला काही तो मिरवण्यासारखा वाटत नाही.

मी इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात तंत्रज्ञ आहे. सुई टोचण्याचं काम सोडून बाकी सगळं माझ्या गळ्यात, यंत्रं, कॉम्प्युटर, प्रिंटर. तपासणीचं यंत्र सकाळी आठपासून तासातासाला रिपोर्टांचं गाठोडं बांधतं, आणि मी लिहिलेला चाळीस ओळींचा प्रोग्रॅम ते सोडून ज्या त्या कक्षाच्या फोल्डरमध्ये रिपोर्ट टाकतो. अकरा वर्षं अडखळला नव्हता. तो ताईच्याच भाषेत लिहिलेला, पण तिला विचारून लिहिला असता तर तो माझा कसा राहिला असता? एवढीच एक कटकट होती, की दर महिन्याच्या दोन तारखेच्या सुमाराला नवजात कक्षाच्या सिस्टरचा फोन यायचा, "भाऊ, आज सगळ्याच बाळांचं हिमोग्लोबिन जास्त दाखवतंय हो." बघायला जावं तर नवजात बाळांच्या मर्यादांचा तक्ता, म्हणजे कुठला आकडा ठीक आणि कुठल्यावर खूण करायची ते सांगणारा, गायब आणि जागी मोठ्यांचा. मी तो परत भरायचो. आपणच गेल्या वेळी नीट सेव्ह केला नसणार, अशी माझी समजूत. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यावर एक कागदही चिकटवून ठेवला होता, ‘दोन तारीख, नवजात तक्ता बघणे’.

तर इशाऱ्यांची वर्षं सुरू झाली आणि आमच्या प्रिंटरने घात केला. प्रोग्रॅम जे काही बोलेल ते सगळं छापायची त्याला सवय. झालं, प्रत्येक रिपोर्टाच्या डोक्यावर एक ओळ यायला लागली, ‘इशारा, ही पद्धत लवकरच बदलणार आहे’. लोक घाबरून विचारायला यायचे. एक वयस्क गृहस्थ, लिफ्ट बंद होती तर तीन मजले चढून परत आले, कठड्याला धरून उभे राहिले आणि धापा टाकत म्हणाले, काय बदलणार आहे, माझं रक्त? त्यांना बसवून पाणी दिलं आणि माझं डोकं फिरलं. मी प्रोग्रॅममध्ये वरती एक ओळ घातली, की सगळे इशारे गप्प कर. दोन मिनिटांचं काम. रिपोर्ट पुन्हा लख्ख यायला लागले, सगळ्या विभागाने माझी पाठ थोपटली आणि मी ती ओळ विसरून गेलो.

वर्षभराने जेवताना ताईने विचारलं, की तुमच्याकडे माझे इशारे दिसतात का रे? मी म्हणालो, एकसुद्धा नाही, आमचं काम चोख असतं. ती केवढी खूश झाली. पानावरून उठून तिने वहीत टिपून ठेवलं. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला खरंच आठवलं नव्हतं. किंवा आठवलं असेल आणि मी कानाडोळा केला असेल. दोन्ही सारखंच.

बदल झाला. रविवारी रात्री इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागाने नियमाप्रमाणे सगळीकडे भाषेची नवी आवृत्ती बसवली आणि सोमवारी सकाळी आठ वाजता माझा प्रोग्रॅम पहिल्याच गाठोड्यावर थांबला. यंत्रात ब्याण्णव नमुन्यांचे निकाल तयार आणि कक्षांत एकही पोचत नाही. फोन वाजायला लागले. मुलांच्या कक्षातून, शस्त्रक्रियागृहातून, तातडीच्या विभागातून. आम्ही पडद्यावर बघून आकडे हाताने चिठ्ठ्यांवर लिहिले आणि मदतनीस जिने चढत-उतरत पळाले. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी ताईला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. तुझ्या खिट्ट्यांपायी माणसं मरतील, इथपर्यंत बोललो.

ती डेपोतून निघाली आणि पंचवीस मिनिटांत माझ्या टेबलाशी उभी राहिली, हातात डबा तसाच. वाद घातला नाही. म्हणाली, आधी रिपोर्ट जाऊ देत. भरवशाचा तो एक शब्द कुठे लिहायचा ते तिने बोट ठेवून दाखवलं, मी लिहिला, आणि दहा मिनिटांत ब्याण्णवच्या ब्याण्णव रिपोर्ट गेले. फोन थांबले. मला वाटलं आता ती जाईल. पण तिने स्टूल ओढलं आणि माझा प्रोग्रॅम वरून खाली वाचायला लागली. तिसऱ्या ओळीवर थांबली. तिथे सगळं होतं, इशारे गप्प कर, आणि शेजारी माझ्याच हाताने लिहिलेली तारीख.

मी काहीतरी सारवासारव करायला लागलो, प्रिंटर, ते गृहस्थ, लिफ्ट. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सभेत सांगितलं होतं, माझ्या भावाच्या इस्पितळात एकही इशारा येत नाही. त्यावर आजोबांनी होकार दिला." एवढं बोलून डबा उचलून ती डेपोत परत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं पूर्वी कधी झालं नव्हतं.

दोन दिवसांत जगभरातून चारशेच्या वर तक्रारी आल्या. कोणाचं गोदाम अडलं, कोणाचं वाचनालय. काही पत्रं सभ्य होती, काही अशी की आईला वाचून दाखवता येणार नाहीत. आजोबांनी गुरुवारी सकाळी सातला सभा बोलावली, बदल मागे घ्यायचा का यावर. ताईला माहीत होतं, की एकदा मागे घेतला की पुढची दहा वर्षं कोणी त्याला हात लावणार नाही. मुख्याध्यापिकेसारखी आणखी किती पत्रं येतील याचा हिशेब कोणी करणार नाही, कारण तशी माणसं तक्रार करत नाहीत, माफी मागतात.

बुधवारी संध्याकाळी मी तिच्यापुढे बसलो आणि नाक मुठीत धरून म्हणालो, की आमच्या लॅबचं सभेत काढू नकोस. तुझीच बाजू लंगडी होईल. इशारे पोचले असंच म्हण, कोणाला कळणार आहे? ती चहाचे कप विसळत होती. तिने सांगितलं, की इस्पितळाचं नाव घेणार नाही, तुझंही नाही, पण गोष्ट सांगणार. ज्या खोटेपणावर मी त्यांचा होकार मिळवला, त्याच्यावर उद्या दुसरा कसा मागू? मी म्हटलं, अगं पण हरशील. त्यावर तिने एवढंच विचारलं, की सकाळी साडेसहाला चहा तू करशील ना.

चहा मी केला आणि शेगडीपाशी उभा राहिलो. पडद्यावर दहा चेहरे, अकरावी ही. आजोबांनी सुरुवात केली. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते. म्हणाले, मी ज्यांच्याबद्दल बोलत होतो ती घरं सोमवारी पडली. ताईने त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग तिने चष्मा पुसला.

"इशारे पोचले असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते चूक होतं. पुरावा माझ्या घरात आहे. एका भल्या, हुशार माणसाने माझा इशारा बंद केला, कारण तो इशारा मी आजारी माणसांच्या रिपोर्टावर नेऊन छापला. दोष त्याचा नाही, मी जिथे ओरडले तिथे तो उभाच नव्हता."

हुशार माणूस शेगडीपाशी चहा उतू घालवत उभा होता.

पुढे तिने नेटाने आपलं मांडलं. बदल मागे घ्यायचा नाही. पण आत्ता प्रोग्रॅम नुसता थांबतो, ते चालणार नाही. थांबताना त्याने साध्या भाषेत सांगावं, कुठली वस्तू अडवली, तिला कुठे जायचं होतं, आणि आता तुमच्यापुढे काय काय वाटा आहेत. ज्या प्रोग्रॅमचा लिहिणारा उरलेलाच नाही, त्याला हात न लावता बाहेरून जुनी पद्धत चालू करता यावी, फक्त दोन वर्षांपुरती, तोवर कोणीतरी वाली शोधावा. आजोबांच्या घरांसाठी हे. आणि आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर जाईल, त्यांचा प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत. कोणीतरी विचारलं, उत्तरं देणार कोण? ती म्हणाली, "मी. सगळी." मग आजोबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "निम्मी माझ्याकडे पाठव."

बदल राहिला. ताईने कॉम्प्युटर मिटला आणि मला सांगितलं, शेगडी पूस आधी.

पुढचे दहा दिवस डेपोतून आली की ती पत्रं लिहायला बसायची. शिव्या देणाऱ्यांनाही तीच सबुरी. आई जेवायचं ताट टेबलावरच आणून द्यायची आणि जाताना पडद्याकडे एक रागीट नजर टाकायची. त्या पत्रांच्या ढिगात एक काम तिने आपणहून धरलं होतं, माझं. कारण माझ्या प्रोग्रॅममध्ये भरवशाचा शब्द अजून तसाच होता. म्हणजे माझ्यापुरता तो जुनाच गडी कामावर. मी म्हणायचो, राहू दे की, चाललंय. ती म्हणायची, शनिवारी येते.

शनिवारी आली. आम्ही प्रोग्रॅमची एक प्रत काढली, तिच्यातून तो शब्द पुसला आणि गेल्या वर्षभराची साठवलेली गाठोडी एकेक करून तिच्यापुढे टाकली. आमची रोजची गाठोडी अडणार हे ठाऊकच होतं, कक्षांचे पत्ते बाहेरचे म्हणून. त्यासाठी नवी सोय केली. रिपोर्ट आधी आतल्या आत उतरायचे आणि मग ठरलेल्या यादीतल्या कक्षांतच जायचे. दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग एक गाठोडं अडलं ते आमचं नव्हतंच. यंत्र बनवणारी कंपनी दर महिन्याच्या एक तारखेला देखभालीच्या फाइल्स पाठवते आणि त्याही माझाच प्रोग्रॅम सोडतो, ते होतं. ताईने सभेत कबूल केलेला नवा संदेश पडद्यावर आला. अडवलेली वस्तू, मर्यादांचा तक्ता. जायचं होतं, आमच्या तक्त्याच्या जागी.

मी ते तीनदा वाचलं. कंपनीच्या मनात काही वाईट नव्हतं, ते बिचारे आपला तक्ता ताजा ठेवत होते, आणि त्यात नवजात बाळांचा रकानाच नव्हता. दर एक तारखेला त्यांची चिठ्ठी आमचा तक्ता उचलून त्यांचा ठेवत होती, आणि माझा प्रोग्रॅम कोणाला न विचारता ठेवू देत होता. आणि मी इतकी वर्षं आपल्या विसराळूपणाला हसत, कोपऱ्यावर कागद चिकटवून, दोन तारखेची वाट बघत होतो.

ताईला तक्त्याचं काही कळत नव्हतं, तिने विचारलं, एवढा पांढराफटक का पडलास? मी सांगितलं. नवजात बाळाचं हिमोग्लोबिन मोठ्या माणसापेक्षा बरंच जास्त असतं. मोठ्यांचा तक्ता लावला तर धडधाकट बाळ जास्त दाखवतं, म्हणून तर सिस्टर फोन करायच्या. पण एखाद्या बाळाचं खरोखर कमी असलं, तेरापेक्षा खाली, तर मोठ्यांच्या तक्त्यात ते अगदी ठीक दिसतं. कागदावर खूणच येत नाही. आणि ज्याच्यावर खूण नाही त्याच्याबद्दल फोन कोण करणार? एक तारीख ते माझं लक्ष जाईपर्यंत, दर महिन्याला एक दिवस, कधी दोन. किती वर्षं, ते मी बोटांवर मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. ताईने मला नवजात कक्षात नेलं. मी कक्षाच्या मुख्य डॉक्टरांना सगळं सांगितलं, काही न वगळता. मॅडमनी जुन्या रिपोर्टांच्या कपाटाची किल्ली सिस्टरच्या हातात दिली. रविवारी आम्ही चौघं त्या दिवसांचे जुने रिपोर्ट काढून बसलो, मॅडम, सिस्टर, मी आणि खिट्टी. ती आकडे वाचायची, सिस्टर कक्षाच्या रजिस्टरशी ताडून बघायच्या. एकशे अठ्ठेचाळीस रिपोर्ट. एकशे सत्तेचाळीस ठीक होते. एका बाळाचं हिमोग्लोबिन बारा पूर्णांक चार होतं, आणि कागद कोरा, एकही खूण नाही.

सिस्टरनी रजिस्टरचं पान उलटलं. त्याच तारखेला, त्यांच्याच अक्षरात, ‘रिपोर्ट बरोबर आहे, पण बाळ फिकं वाटतं, पुन्हा तपासा’. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं होतं, तोवर मी तक्ता भरला होता, खूण आली, बाळाला रक्त दिलं गेलं, सातव्या दिवशी घरी गेलं. त्या बाळाला माझ्या चोख कामाने नाही, या बाईंच्या डोळ्यांनी वाचवलं. मला रडू आवरलं नाही. मी म्हणालो, चूक माझीच. सिस्टर म्हणाल्या, असू द्या भाऊ. ताई मात्र समोरचे कागद नीट लावत होती.

"चूक कोणाची ते निवांत बघू," ती म्हणाली. "परवा एक तारीख आहे. आधी तो शब्द काढ."

सोमवारी सकाळी तिला डेपोत कामावर पोचायचं होतं, तरी ती आली आणि माझ्यामागे उभी राहिली. भरवशाचा शब्द मी काढला, आणि तिसरी ओळही, इशारे गप्प करणारी. इशाऱ्यांसाठी आता वेगळी जागा केली आहे, ते माझ्या पडद्यावर येतात, कोणा गृहस्थांच्या रिपोर्टावर नाही. जाता जाता ताईने कोपऱ्यावरचा माझा कागद काढला, चुरगाळला आणि आपल्या पिशवीत टाकला.

एक तारखेला साडेदहाला कंपनीचं गाठोडं आलं. प्रोग्रॅम थांबला आणि त्याने मला सांगितलं, काय अडवलं आणि त्याला कुठे जायचं होतं. मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं, तक्ता बाजूला ठेवला आणि बाकीचं आत घेतलं. दुपारी नवजात कक्षात तीन बाळांचे रिपोर्ट गेले. दोघांच्या कागदावर काही खूण नव्हती. तिसऱ्याचं हिमोग्लोबिन कमी होतं, आणि कागदावर तसं लिहिलेलं होतं.